मोटारीचा दोर आणि काकांची गाठ



सोयाबीन निघालं. कापसाचा पहिला वेचा घरात आला. तूर फुलावर आहे, अन् हरभऱ्याच्या ओलिताची तयारी सुरू आहे. दरवर्षी या दिवसांत मी इथे पाण्याचं लिहितो, किती दिवसांच्या अंतरानं द्यायचं, तुषार किती तास चालवायचे वगैरे. यंदा दोराचं लिहितो. विहिरीत मोटार ज्या दोरावर लटकते त्या दोराचं, अन् त्याच्या गाठीचं. मागच्या डिसेंबरात माझी मोटार गाठीपायी विहिरीत गेली. मोटारीपेक्षा मोठं काही जाता जाता राहिलं, ते पुढे सांगतो.

एक आधीच सांगून ठेवतो. दोर अन् फास हे शब्द आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हलक्यानं घेता येत नाहीत. माझं हे लिहिणं फक्त बैलाच्या, बादलीच्या अन् मोटारीच्या दोराबद्दल आहे.

माझी विहीर 42 फुटांची. डिसेंबरात 16-17 फूट पाणी राहते. मोटार 5 एचपीची, पाण्यात बुडणारी, वजन पन्नास किलोच्या आसपास. जुना दोर खालून कुजल्यासारखा झाला होता म्हणून बाजारातून पिवळा दोर आणला, 12 एमएमचा. मोजून न्यायला पाहिजे होतं, मी अंदाजानं सांगितलं, अन् दोर आठ फूट कमी पडला. परत बाजारात कोण जाते? जुन्या जाड दोराचा वरचा तुकडा चांगला होता, तो विहिरीवरच्या लोखंडी अँगलला बांधलेलाच होता. त्यालाच नवा दोर जोडला. जाडाला बारीक. गाठ कोणती मारली म्हणाल, तर आपण पोत्याचं तोंड बांधतो तीच, एकदा असं अन् एकदा तसं. पाय लावून ओढली. वाटलं, आता हत्ती लटकला तरी सुटत नाही.

पंधरा दिवस चालली. मग एका रात्रीची गोष्ट. त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईन होती. अकराला बटन दाबलं, तुषार फिरले, मी धुऱ्यावर शेकोटी करून बसलो. अर्ध्या तासानं विहिरीतून दणका आला, पाइप सापासारखा सरकत आत गेला अन् तुषार बसले. बॅटरी मारून पाहिलं, तर वर जाड दोर मोकळाच हलून राहिला होता.

पिवळा दोर पाण्यावर तरंगत होता. सकाळी आकड्यानं त्याचं टोक वर घेतलं अन् मी पाहतच राहिलो. टोक तुटलं नव्हतं. एक पेडसुद्धा उसवला नव्हता. माझ्या गाठीचा वळसा त्या टोकात जसाच्या तसा होता, कुत्र्याच्या शेपटीसारखा. म्हणजे दोर शाबूत होता, गाठच हळूहळू सरकत सुटून गेली होती. दोर सुटल्यावर सारं वजन पाइपावर आलं, पाइपाची क्लिप निसटली, केबल ताणून तुटली.

दहा एकर हरभरा घाट्यावर यायचा होता. जमिनीत ओल नव्हती. माझा मोठा पोरगा चोवीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. तो म्हणाला, "बाबा, मी उतरतो, मोटारीले दोर बांधून येतो." शेजारचे चार जण जमा झालेच होते. त्याच पिवळ्या दोराचं दुसरं टोक मी पोराच्या कमरेला बांधलं. कोणती गाठ? तीच. हात दुसरी गाठ मारतच नाही ना, बाप्पा. रात्री मोटार ज्या गाठीनं गेली तीच गाठ सकाळी मी पोराच्या कमरेला मारली, अन् माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही.

शेजाऱ्यानं तोवर पलीकडच्या गावचे भोई काका गाडीवर बसवून आणले होते. काका बेंबळ्याच्या पाण्यावर मासे धरतात. बेंबळा प्रकल्प म्हणजे आमच्या बाभुळगाव तालुक्यात खडक सावंग्याजवळचं धरण. वय पासष्टच्या पुढे, बोटं लाकडासारखी. ते आले, विहिरीत डोकावले, मग पोराच्या कमरेजवळ बसले. गाठीचं एक टोक धरून उलटं ओढलं, गाठ सरळ झाली, अन् दोन बोटांनी दोर बाहेर काढून घेतला. जोर लावावा लागला नाही.

"हे कोनं बांधली?"

"म्या," मी म्हणालो.

"पोरगं कोनाचं?"

"माह्यंच."

पुढे काहीच बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प राहण्यानं मला जे झालं ते मी अजून घरात कोणाला नीट सांगू शकलो नाही. पोराची माय विहिरीच्या काठावरच उभी होती.

मग काकांनी पहिलं काम सांगितलं ते दोराचं नाहीच. "स्टार्टरमधले तिन्ही फ्यूज काढा अन् तुमच्या खिशात ठेवा." तुटलेली केबल पाण्यात होती, अन् लाईन कधी येईल याचा भरवसा नाही. ते झाल्यावर स्वतःच्या कमरेला स्वतःच गाठ मारली अन् स्वतः उतरले. पोराला उतरू दिलं नाही. वरून चौघांनी दोर धरला होता. दम धरून तीनदा बुडी मारली, तिसऱ्या वेळी मोटारीच्या कडीला दुसरा दोर बांधूनच वर आले. त्या काळ्या पाण्यात दिसत काहीच नसेल. एका हातानं कडी धरून दुसऱ्या हातानं, नुसत्या बोटांच्या अंदाजानं मारलेली गाठ होती ती. चेन पुलीनं मोटार वर आली तेव्हा मी ती गाठ पाहिली. पन्नास किलो ओल्या वजनाखाली केसाएवढी सरकली नव्हती. अन् मोटार खाली टेकल्यावर काकांनी ती अंगठ्यानं मागे ढकलली, तर लगेच सैल झाली.

चहा पिताना ते म्हणाले, "भाऊ, ही अंबाडीची गाठ हाय. अंबाडीच्या दोराले मारली तं बरोबर. नायलॉनले ते कशी थांबन?"

हे ऐकून मला माझे वडील आठवले. आमच्याकडे पूर्वी धुऱ्यानं अंबाडी असायची. भाजीसाठी वेगळी, वाखासाठी वेगळी. वाखाची अंबाडी कापून पेंढ्या बांधायच्या, नाल्याच्या पाण्यात दगडाखाली दोन-तीन आठवडे दाबून ठेवायच्या. सडली की असा वास सुटायचा की नाल्याकडची वाट कोणी धरत नसे. मग साल ओढून धुवायची, वाळवायची, अन् उन्हाळ्यात निंबाखाली बसून दोर वळायचा. दावं, कासरा, चऱ्हाट, खाटेची दोरी सारं घरचं. मोट चालताना मी फार पाहिली नाही, पण तिचा नाडा अन् सोंदूर आमच्या गोठ्यात खुंटीला कितीतरी वर्षं लटकलेले होते. नाडा मनगटासारखा जाड, सारा भार त्याच्यावर. सोंदूर बारीक, तो फक्त मोटेची सोंड सांभाळायचा.

त्या वाखाच्या दोराला अंगावर कूस असते. दोर दोरात रुततो. पाण्यात भिजला की फुगतो अन् गाठ आणखी आवळते. कशीही गाठ मारा, धरून ठेवायचा. आमचे हात त्या दोरावर शिकले. बाजारातला पिवळा, निळा, हिरवा दोर आपण सगळे नायलॉन म्हणून घेतो. पण त्यातला बराचसा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ओळखायचं सोपं आहे. वीतभर तुकडा बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन. माझा पिवळा दोर तरंगतच होता, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. हा दोर गुळगुळीत अन् ताठ. त्याला वळण द्या, सोडला की तो परत सरळ व्हायला पाहतो. उन्हाची तर त्याला मोठी खोड. वर्ष-दोन वर्षं उन्हात राहिला की हाताला पांढरी भुकटी लागते, मग त्याचा भरवसा धरू नका. खरा नायलॉन ताण पडला की लांबतो अन् पाण्यात त्याची ताकद थोडी कमी होते, पण गाठीला तो यापेक्षा बरा.

ताकदीची गोष्ट कृषी खात्याच्या लोकांनी शेतकऱ्याला जरूर सांगावी. 12 एमएमचा नवा दोर टनाच्या वर वजन झेलतो. साधी गाठ मारली की ती ताकद जवळपास निम्म्यावर येते, कारण गाठीच्या वळणावर बाहेरच्या पेडांवर सगळा ताण येतो. निम्मी झाली तरी पन्नास किलोच्या मोटारीला भरपूर झाली. म्हणजे आपण दुकानात उभं राहून आणखी जाड दोर मागतो त्यानं काही होत नाही. दोर तुटायच्या कितीतरी आधी गाठ सरकते. त्यात मोटारीचा दोर कधी ताठ, कधी ढिला. पाइप अर्धा भार घेतो, मोटार सुरू होताना झटका देते, मग तासन्‌तास थरथरते. एकसारखा ताण असला तर कच्ची गाठही टिकते. हे असं ढिलं-ताठ, ढिलं-ताठ झालं की ती आतून उकलत जाते. माझी पंधरा दिवसांत उकलली.

पुढच्या महिन्यात मी दोनदा बेंबळ्यावर काकांकडे जाऊन बसलो. मोटार काढायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, म्हणून हरभऱ्याचा सोला अन् घरची तूरडाळ घेऊन गेलो होतो. थर्मोकोलच्या तराफ्यावर जाळं पसरून ते काठावर आले की गळ लावून बसतात. मरळ, शिंगाळा, कधी कतला. त्यांची गळाची दोरी पाहिली अन् मला माझी विहीरच दिसली. बांबूच्या तुकड्यावर जाडसर विणलेली दोरी गुंडाळलेली, तिच्या पुढे दोन वाव तंगूस, अन् तंगुसाला गळ. मी विचारलं, सारं तंगूसच का नाही? म्हणाले, तंगूस हातात कापते, अन् मोठा मासा पळाला की मागे दोरी पाहिजे ना, सोडत जायले. तंगूस पाण्यात दिसत नाही म्हणून पुढे तेवढंच.

म्हणजे त्यांच्याकडेही जाडाला बारीक जोडायचं काम आहेच, अन् तंगूस तर माझ्या पिवळ्या दोराहून दसपट गुळगुळीत. त्यांनी मला ती गाठ बसवून दाखवली. जाड दोरीचं टोक दुमडून तिची कैची करायची, म्हणजे बोटाएवढा फासा, पण बांधायचा नाही, नुसता चिमटीत धरायचा. बारीक तंगूस त्या कैचीतून आत घालायचं अन् मग कैचीच्या दोन्ही पायांवर, शिवाय स्वतःच्याही अंगावर, शेजारी शेजारी दहा वेढे घ्यायचे, कैचीच्या तोंडाकडे येत येत. शेवटी ज्या बाजूनं आत गेलं त्याच बाजूनं कैचीतून बाहेर काढायचं. वेढे एकावर एक चढू द्यायचे नाहीत. मग तोंडात धरून थुंकीनं ओलं करायचं अन् हळूहळू आवळायचं.

ओलं कशाला, तर कोरडं तंगूस झटक्यानं ओढलं की घासून तापते, अन् तापलं की तिथेच कमजोर होते. मी मुद्दाम दोन गाठी मारून पाहिल्या, एक कोरडी ओढलेली अन् एक ओली. कोरडीजवळचं तंगूस कुरळं अन् पांढुरकं झालं होतं, हिसका दिला तर तिथूनच तुटलं. गळाची गाठही तशीच. गळाच्या डोळ्यातून तंगूस ओवायचं, स्वतःलाच पाच-सहा पीळ द्यायचे, टोक परत डोळ्याजवळच्या लहान फाशातून काढायचं, ओलं करून आवळायचं. पीळ कमी घेतले तर सरकते, अति घेतले तर नीट बसतच नाही.

घरी येऊन पोराला सांगितलं तर त्यानं मोबाईलवर काढून दाखवलं. बाहेरच्या देशात नदीत उभं राहून पिसांची खोटी माशी फेकून ट्राऊट धरतात. इंग्रजांनी तोच मासा आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या थंड पाण्यात आणून सोडला होता. त्या लोकांची फेकायची दोरी जाड असते, वरून गुळगुळीत लेप दिलेली, अन् तिच्या मागे चरखीवर बारीक विणलेली लांब दोरी, मासा दूर पळाला तर सोडायला. जाड अन् बारीकचा जोड तिथेही आहे. एका गाठीला ते अल्ब्राइट म्हणतात. व्हिडिओतला माणूस ती सावकाश मारून दाखवत होता, अन् ती काकांचीच गाठ होती, दहा वेढ्यांची. चरखीला दोरी पक्की करायची गाठ तर आमचे पोरं संक्रांतीला पतंगाच्या चक्रीवर मारतात तशीच. दोरीचा वेढा देऊन मूळ दोरीवर एक गाठ मारायची, अन् उरलेल्या टोकाला आणखी एक गाठ. ओढलं की टोकाची गाठ पहिलीला जाऊन अडते.

काकांना पुढच्या वेळी मोबाईल दाखवला. पाहिलं, म्हणाले, "बरोबर मारून राह्यला." मग म्हणाले, "अन् मासा धरून परत सोडून देते का हा?" त्यावर त्यांचं बराच वेळ हसणं चाललं.

आता विहिरीचं. दहा वेढ्यांची गाठ 12 एमएमच्या दोराला घालायला गेलो तर गाठच हातभर होईल. त्यासाठी काकांनी दुसरी दाखवली, जी माझे वडील कोष्ट्याची गाठ म्हणायचे. विणकर तुटलेला धागा याच गाठीनं जोडतात. जाड दोर दुमडून कैची करा. बारीक दोर खालून कैचीत वर काढा, कैचीच्या दोन्ही पायांमागून फिरवून समोर आणा अन् स्वतःच्याच अंगाखालून काढा, परत कैचीत घालू नका. मोटारीसाठी तसाच आणखी एक वेढा घ्या अन् पुन्हा स्वतःखालून काढा. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की दुमडायचा तो जाड दोर अन् फिरायचा तो बारीक. उलटं केलं तर सरकते. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली पाहिजेत. अन् टोकं ठेवताना कंजूषपणा नको, आपल्याला दोरी वाचवायची सवयच असते. मी वीतभराहून जास्त ठेवतो अन् प्रत्येक टोक शेजारच्या दोराला सुतळीनं आवळतो. खरं सांगायचं तर जोड नसलेला अखंड दोर घेणं सर्वात चांगलं. ते मी यंदा केलं.

कडीला अन् माणसाच्या कमरेला मात्र न सरकणारा फासाच पाहिजे. बैलाच्या दाव्यालाही तोच. बैलाच्या गळ्यात सरकती गाठ म्हणजे काय, ते मी लहानपणी पाहिलं आहे. एका नव्या गड्यानं रात्री ढवळ्याला तसा बांधला, सकाळी डोळे बाहेर आलेले. वेळेवर विळ्यानं दावं कापलं म्हणून वाचला, पण ते बैल पुढे कधी पूर्ण ताकदीनं जुंपता आलं नाही. न सरकणारी गाठ अशी. मूळ दोरावर एक लहान डोळा करा. टोक कडीतून किंवा कमरेभोवतून आणा, डोळ्यातून खालून वर काढा, मूळ दोराच्या मागून फिरवा अन् परत त्याच डोळ्यातून खाली घाला. शाळेत स्काउटच्या मास्तरांनी हिलाच बोलाईन म्हटलं होतं, दहावीपर्यंत जे काही शिकलो त्यातलं हे कामाचं होतं अन् तेच विसरलो. या गाठीची खोट एकच, ताठ प्लॅस्टिकच्या दोरात थरथरीनं ती सैल पडू शकते. म्हणून उरलेल्या टोकाची आणखी एक गाठ फाशाच्या अंगावर मारायची. काकांनी पाण्याखाली तीसुद्धा मारली होती.

मोटारीला आता दोन दोर आहेत. एक भार घेणारा, दुसरा जरा ढिला, नुसता राखणीला. काही जण स्टीलची तार लावतात, तेही बरं, पण तारेच्या क्लिपाचे नट वर्षातून एकदा आवळावे लागतात अन् ते कोणी आवळत नाही. गाठीबाहेरच्या टोकावर मी लाल ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवला आहे, गाठीपासून बरोबर चार बोटं. पट्टा गाठीकडे सरकलेला दिसला तर समजायचं गाठ चालू लागली. वरची गाठ रोज बटन दाबताना दिसते. कडीची पाहायला मोटार वर घ्यावी लागते, ते वर्षातून एकदा, ओलीत सुरू व्हायच्या आधी.

परवा ते केलं. पोरानं गाठी मारल्या अन् मी पाहिल्या. मग त्यानं त्या सोडल्या अन् म्हणाला, आता तुम्ही मारा, मी पाहतो. कडीची मी पहिल्या झटक्यात बरोबर मारली. कमरेची दोनदा चुकली, टोक डोळ्यातून वरून खाली घातलं. तिसऱ्या वेळी बसली. पट्टा चार बोटांवर आहे. उद्यापासून दिवसाची लाईन आहे, खालच्या तुकड्यापासून पाणी सुरू करतो.